निळ्या कागदावरची शेवटची ओळ



इंग्लंडमधल्या आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, पूर्वी लोकरीचं दुकान होतं. ते बंद पडलं आणि गेल्या वर्षी त्याच्या काचेवर एक फिकट निळा कागद लागला. इथे असा कागद म्हणजे कौन्सिलकडे परवान्यासाठी अर्ज गेल्याची जाहीर सूचना. कबाब आणि तळलेल्या कोंबडीचं टेकअवे येणार होतं, रात्री दोनपर्यंत.

दिवस बुडायच्या आत जेवणारं आमचं घर, आणि समोर रात्री दोनपर्यंत कोंबडी! माझ्या पोटात गोळाच आला.

रविवारी स्वाध्यायाला गेले तर तिथे विरोधाचा अर्ज तयारच होता. दारुडे जमतात, मारामाऱ्या होतात, मुली घाबरतात, असं त्यात लिहिलेलं. आमच्या मंडळातल्या एका काकूंनी पेन पुढे केलं. मी म्हटलं, "काकू, दुकान अजून उघडलंच नाही. मारामाऱ्या कोणी पाहिल्या?" त्या म्हणाल्या, "अगं, मांसाचं दुकान नको असं लिहिलं तर कोण ऐकणार? म्हणून हे लिहायचं."

मी सही केली नाही. काकू बरेच दिवस रागावल्या होत्या. का केली नाही, ते आज सांगते.

आधी कायदा समजून घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 चा लायसन्सिंग कायदा आहे. रात्री 11 ते पहाटे 5 या वेळात गरम खाणं किंवा गरम पेय विकायचं तर परवाना लागतो. गार सँडविच विकायला तो लागत नाही. आपला नियम सूर्याकडे बघतो, यांचा घड्याळाकडे. इथे जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि डिसेंबरात चारच्या आधीच दिवस मावळतो. आपल्या व्रताची खरी परीक्षा तेव्हा. ती परीक्षा आपली आहे, समोरच्या दुकानदाराची नाही.

अर्ज आला की 28 दिवस कोणीही म्हणणं मांडू शकतं. पण ते चारच गोष्टींना धरून हवं: गुन्हे आणि गोंधळ टाळणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं आणि मुलांचं रक्षण. तळणाचा उग्र वास घराघरात शिरणार असेल तर तो उपद्रवात येऊ शकतो. तो वास मांसाचा आहे, हे मात्र त्यात येत नाही. आणि योग्य हरकत कोणीच घेतली नाही, तर कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो.

सुरुवातीला मलाही हे टोचलं. जीवदयेला कायद्यात जागाच नाही का? मग दुसरी बाजू लक्षात आली. उद्या आपण मंदिराजवळ भोजनशाळा काढली, महावीर जयंतीला मिरवणूक काढली, आणि कोणी म्हणालं की यांचा धर्म आम्हाला आवडत नाही, म्हणून नको, तर? धर्मावरून हरकत चालत नाही, म्हणूनच परक्या देशात आपलं मंदिर निर्धास्त उभं आहे. ती ढाल आपल्याला हवी असेल तर त्या दुकानदारालाही मिळाली पाहिजे.

आणि त्या निळ्या कागदावर खाली एक ओळ असते. अर्जाच्या संदर्भात जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटं विधान करणं हा गुन्हा आहे, असं त्यात लिहिलेलं असतं. ती वाचून मला सत्याणुव्रतच आठवलं. अहिंसेसाठी असत्य बोलायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? कोंबडीला वाचवायला निघालो आणि न पाहिलेल्या मारामाऱ्या एका माणसाच्या माथी मारल्या, तर ती त्याच्या पोटावर हिंसाच झाली.

म्हणून मी माझं वेगळं पत्र लिहिलं. जे खरं तेवढंच. आमची बेडरूम रस्त्याच्या बाजूला आहे, सासूबाई हलक्या झोपेच्या आहेत, डिलिव्हरीच्या मोटारसायकली दारात इंजिन चालू ठेवून थांबल्या तर झोप मोडेल, खोकी आणि हाडं फुटपाथवर पडली तर सकाळी मुलं त्यातूनच शाळेला जातील. दुकान नको असं मी म्हटलं नाही. बारा वाजता बंद करावं, गाड्या मागच्या बाजूला उभ्या कराव्यात, बंद करताना समोरचा फुटपाथ झाडावा, एवढं मागितलं. पत्रावरचं आपलं नाव अर्जदाराला कळतं, त्यामुळे तोंडावर बोलता येईल तेवढंच लिहावं.

कौन्सिलमधून फोन आला. दुकानदार एक वाजता बंद करायला, गाड्या मागे ठेवायला आणि झाडायला तयार होता. मी बारा म्हटलं होतं, एकावर जमलं. त्या अटी परवान्यात लिहिल्या गेल्या. त्या मोडल्या तर परवान्याचा फेरविचार करा असं रहिवासी मागू शकतात, म्हणून मी वहीत तारीख-वेळ लिहून ठेवते. आतापर्यंत दोनदा लिहावं लागलं. दोन्ही वेळा आधी दुकानात जाऊन सांगितलं, आणि तेवढ्यानं भागलं.

वास येतो का? येतो. खिडकी लावून घेते. रात्री कामावरून सुटलेल्या नर्स, बसचे ड्रायव्हर तिथे रांगेत दिसतात. त्यांनी काय खावं हे मला पटत नाही, पण ते भुकेले आहेत हे मला दिसतं.

जीवदया सांगायला आपल्याकडे आपलं स्वयंपाकघर आहे. शेजारणीला बोलावून मुगाची खिचडी वाढा, मुलांच्या डब्यात जास्तीचे दोन ठेपले द्या. आणि तुमच्या रस्त्यावर निळा कागद लागला तर 28 दिवसांच्या आत जरूर लिहा. फक्त खरं तेवढंच लिहा.