इंजिन वजनकाट्यावर चढण्याआधी

विहिरीवरचं जुनं इंजिन विकायला काढलं की गिऱ्हाईक एकच येतं, भंगारवाला. तो कंपनी विचारत नाही, चालू आहे का हेही विचारत नाही. बिडाचा आजचा भाव सांगतो आणि काटा लावतो. दोन फ्लायव्हीलचं, संथ चालणारं सहा अश्वशक्तीचं इंजिन तीनशे किलोच्या पुढे भरतं, म्हणून सौदा लवकर पटतो. टेम्पोत चढवायला जड जात असेल तर जागेवरच घण घालून फ्लायव्हील फोडतात. ज्यानं घरच्या दोन पिढ्यांचा ऊस भिजवला, त्याची वासलात अर्ध्या तासात लागते.

अलीकडे हे फार वेगानं होऊ लागलं आहे. २०१९ साली केंद्राची कुसुम योजना आली, २०२४ मध्ये राज्यानं ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू केली. शिवारात सौरपंप उभे राहताहेत आणि त्याचा मला आनंदच आहे. वीज मध्यरात्री येते म्हणून बॅटरी घेऊन दारं धरायला जाणाऱ्या, साप-विंचवाच्या धास्तीत रात्र काढणाऱ्या माणसाला दिवसाचं पाणी मिळायलाच हवं. डिझेलच्या आजच्या भावात रोज इंजिनानं पाणी उपसा, असं मी सांगणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. इंजिन मोडू नका. छपराखाली ठेवा, वर्षातून काही वेळा चालवा, आणि ते चालवू शकेल असा एक तरी तरुण हात गावात तयार करा.

हे यंत्र आपल्याकडे फुकट आलेलं नाही. त्याआधी मोट होती. पहाटेपासून बैल धावेवर पुढं-मागं करत आणि विहिरीचं पाणी खोल गेलं की माणूस नि जनावर दोघंही टेकीला येत. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते असं शेतकरी म्हणत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं बनू लागली. १९४६ मध्ये शंतनुराव किर्लोस्करांनी पुण्यात ‘किर्लोस्कर ऑइल इंजिन्स’ सुरू केली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या छोट्या छोट्या कारखानदारांनी इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग ओतले, घासले, विकले. इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीनं १९२९ मध्ये काढलेला संथ गतीचा नमुना राजकोटच्या कारखान्यांनी असा उचलला की मूळ गावात तो बनायचा थांबला, तरी राजकोटात बनतच राहिला.

आणि हे इंजिन विकत घेणाऱ्यानं काय केलं? भूविकास बँकेचं कर्ज काढलं. सातबाऱ्यावर बोजा चढवला. माळरानाची बागायत झाली ती या बोज्यावर. बाहत्तरच्या दुष्काळानंतर विहिरी आणखी खोल खणल्या गेल्या, तेव्हा या इंजिनांनीच तळाचं पाणी वर आणलं.

पण इंजिन म्हणजे नुसता पाण्याचा पंप, असं समजणाऱ्यांना त्याची निम्मीच ओळख आहे. पट्टा काढून दुसऱ्या पुलीवर चढवला की तेच इंजिन कडबा कुट्टी चालवी, मळणी यंत्र फिरवी, शेंगा फोडी, गुऱ्हाळावर उसाचा चरक ओढी, गावच्या गिरणीत जोंधळा दळी. यंत्र उलटं फिरवायचं असेल तर पट्ट्याला मधे एक पीळ द्यायचा, एवढ्यानं काम होई. पट्टा घसरू लागला की राळ लावायची. काही गावांत इंजिन गाड्यावर बसवलेलं असे. बैल जुंपून ते या मळ्यातून त्या मळ्यात नेत. म्हणून इंजिन जपायचं म्हणजे त्याच्याबरोबरचा पंप, चरक, कुट्टी, पुल्या, पट्टे हेही जपायचे. भंगारवाला आधी नेतो ते हेच सामान, कारण ते सुटं पडलेलं असतं आणि कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

संथ इंजिन मिनिटाला साडेसहाशे फेरे घेतं. चार टप्प्यांचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतं, म्हणजे मिनिटाला सव्वातीनशे ठोके, सेकंदाला पाचेक. कान देऊन ऐकलं तर ते सुटे सुटे ऐकू येतात. नंतर आलेली पंधराशे फेऱ्यांची इंजिनं सेकंदाला बारा ठोके देतात, तिथं एकच सलग आवाज होतो. जुन्या मिस्त्रींचं सगळं शास्त्र या सुट्या ठोक्यांवर उभं आहे. लांब पान्याचं एक टोक हेडवर आणि दुसरं कानाला लावून ते आत काय सैल झालंय हे सांगतात. एखादा ठोका चुकला तर नॉझल गळतंय की डिझेल पंपात हवा शिरली, हे झाकण उघडण्याआधी त्यांना कळतं. धूर काळा असेल तर ओझं जास्त किंवा डिझेल जास्त. निळा असेल तर रिंगा गेल्या, ऑइल जळतंय. पांढरा असेल तर डिझेल नीट पेटतच नाही.

हेड बसवताना पिस्टन आणि हेडमध्ये किती फट राहिली, हे ते कसं मोजतात? पिस्टनवर शिशाच्या तारेचा तुकडा ठेवतात, हेड आवळतात, चाक हातानं एकदा फिरवतात आणि चेपलेली तार काढून तिची जाडी पाहतात. जुन्या बेअरिंगांत व्हाइट मेटल ओतून, निळा रंग लावून, शाफ्ट फिरवून, जिथं रंग उमटला तिथं तिथं खरवडत ते बेअरिंग बसवतात. दिवसभराचं काम असतं आणि त्यात घाई चालत नाही. हे ज्ञान कुठल्याही माहितीपत्रकात पुरतं लिहिलेलं नाही. ते साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या मनगटात आहे. ते गेले की तुमच्या इंजिनघरातलं इंजिन शाबूत असूनही बिडाचाच भाव घेईल. म्हणून मला इंजिनापेक्षाही मिस्त्रींची चिंता जास्त वाटते.

कित्येक वर्षं बंद पडलेलं इंजिन पाहून लोक म्हणतात, जाम झालंय, संपलं. बहुतेक वेळा संपलेलं नसतं. घाई करू नका आणि हातोडी तर लांबच ठेवा. नॉझल काढा, सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइल एकत्र करून ओता, चार-आठ दिवस मुरू द्या. मग फ्लायव्हील धरून थोडं पुढं, थोडं मागं, असं झुलवत राहा. सायलेन्सरच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं असतं, ते काढा. जुनं डिझेल टाकीतून पूर्ण उतरवा, टाकी धुवा, फिल्टर बदला. तळातलं ऑइल काढलंत की त्यात पाणी दिसतं का ते पाहा. पाण्याच्या जागेत क्षार धरलेले असतात, ते खरवडून काढले नाहीत तर इंजिन दहा मिनिटांत तापेल.

आता जिवाची गोष्ट, ती नीट वाचा. फ्लायव्हीलची चावी ढिली नाही ना, हे मिस्त्रींकडून तपासून घेतल्याशिवाय हँडल मारू नका; चावी सुटली तर चाक शाफ्टवरून निसटतं. डिझेल पंपाचा दांडा आणि गव्हर्नर सहज हलतो का ते बोटानं पाहा. दांडा अडकलेला असेल तर इंजिन सुसाट सुटतं आणि आवरत नाही. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा पलीकडून वळवायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जातं आणि अंगठा वाचतो. धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी, सैल बाही यांना पट्ट्याजवळ जागा नाही. मुलांना दाखवायचं तर मधे दोरी बांधा आणि पट्ट्याला जाळी लावा.

एवढं झालं की डिझेल पंपातली हवा काढा, लिव्हर उचलून दाब सोडा, चाकाला गती द्या आणि लिव्हर खाली टाका. इथं ठिणगी नाही, बॅटरी नाही. आतली हवा दाबून इतकी तापते की डिझेल आपसूक पेटतं. विज्ञानाच्या पुस्तकातला हा धडा आठवीतल्या मुलीला आपल्या डोळ्यांसमोर घडताना दिसला, तर तिला तो पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

परदेशात जुनी यंत्रं चालती ठेवण्याचं काम साध्या माणसांनी केलं आहे. अमेरिकेत घरामागच्या बागेपुरते छोटे ट्रॅक्टर असतात. पॉन्ड कुटुंबानं १९४६ मध्ये इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडला असाच कारखाना काढला. त्यांचे ‘व्हील हॉर्स’ ट्रॅक्टर नावाजले. १९८६ मध्ये ती कंपनी टोरोनं घेतली. आजही लोक ते जुने ट्रॅक्टर गवत कापायच्या पात्यांसकट, बर्फ लोटायच्या फाळासकट चालते ठेवतात, एकमेकांना सुटे भाग देतात. इंडियानातच पोर्टलंड गावी १९६६ पासून जुन्या इंजिनांचा आणि ट्रॅक्टरांचा मेळा भरतो. इंग्लंडमध्ये चेशायरमधल्या पॉइंटनला इंजिनांचं स्वतंत्र संग्रहालय आहे, अ‍ॅन्सन नावाचं, आणि तिथली इंजिनं चालवून दाखवतात. आपल्या मातीत तर यंत्राची पूजा घालायची रीत आहे. मग चालतं इंजिन पाहायला आपल्या मुलांनी कुठं जायचं?

आयटीआयच्या निदेशकांना माझी विनंती आहे की तुमच्या मेकॅनिक डिझेलच्या वर्कशॉपमध्ये एक संथ इंजिन आणून ठेवा. त्याचा प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसतो, हातानं उलगडता येतो. शिकाऊ मुलाला याहून चांगलं पुस्तक मिळणार नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांत बायोडिझेलच्या प्रयोगांसाठी आजही किर्लोस्करचं एक सिलिंडरचं इंजिन वापरतात. तिथल्या प्राध्यापकांनी जवळच्या गावातलं एखादं जुनं इंजिन विद्यार्थ्यांकडून उभं करून घ्यावं, करंजाच्या तेलावर चालवून पाहावं. मोशीचं किसान असो की बारामतीचं कृषिक, प्रदर्शन भरवणाऱ्यांनी नव्या यंत्रांच्या दालनांशेजारी चालत्या जुन्या इंजिनांना मोकळी जागा द्यावी. गर्दी कुठं होते ते त्यांनाच दिसेल. राहुरी, परभणी, अकोला, दापोली या कृषी विद्यापीठांच्या आवारात अशी इंजिनं ठेवायला जागा आहे. ज्या कारखान्यांनी ही इंजिनं घडवली, त्यांच्या कपाटांत जुने आराखडे आणि सुट्या भागांच्या याद्या असतील. त्या लोकांसाठी खुल्या करा. बिडाचा भाग फुटला तर आराखड्यावरून तो कोल्हापुरात पुन्हा ओतता येतो.

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलांनो, वडिलांनी फोनवर ‘इंजिन देऊन टाकू का?’ असं विचारलं तर घाईनं ‘द्या’ म्हणू नका. एका सुट्टीला गावी जा. मिस्त्रींना बोलवा, त्यांची दिवसाची हजेरी मानानं द्या आणि ते काम करत असताना मोबाइलवर चित्रण करा. त्यांना बोलतं करा: हा आवाज कशाचा, ही फट किती ठेवायची, हा पाना कुणी घडवला. घरी जागा नसेल तर इंजिन शाळेला द्या, ग्रामपंचायतीला द्या, शेजारच्या हौशी पोराला द्या. विकायचंच असेल तर किलोवर नको, चालवणाऱ्याला विका.

खंडेनवमीला आपण इंजिन पुसतो, हळद-कुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. यंदा हार घालण्याआधी ते चालू करा. तयारीला महिना-दीड महिना लागेल, तेव्हा आजच इंजिनघराचं कुलूप काढा. पाटीवरची धूळ पुसून कंपनी, नंबर, अश्वशक्ती आणि फेरे लिहून घ्या. फाउंडेशनचे बोल्ट पाहा, छप्पर गळत असेल तर त्यावर पत्रा टाका, आणि मिस्त्रींना फोन लावून ते कोणत्या दिवशी मोकळे आहेत ते विचारा.