ग्राफिक्स बदलता येत नाही, हे ठरवलं कोणी?

लॅपटॉप चार वर्षांचा होतो, व्हिडिओ एडिटिंग अडखळू लागतं, नवा गेम रडतखडत चालतो. दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं: रॅम वाढवू, एसएसडी टाकू, ग्राफिक्सचं मात्र काही होणार नाही, नवाच घ्या. बाजारातल्या बहुतेक यंत्रांपुरतं हे उत्तर खरं आहे. पण ‘लॅपटॉपची जातच तशी’ हे त्यामागचं कारण मात्र खरं नाही.

पूर्वपक्ष कच्चा नाही. खालचं झाकण उघडलं, तांब्याच्या नळ्या उचलल्या, वाळलेली थर्मल पेस्ट पुसली, की आरशासारखी चकचकीत ग्राफिक्स चिप दिसते. तिच्या कडेने मेमरीचे काळे चौकोन. पिन एकही दिसत नाही. चिपच्या पोटाखालचे सोल्डरचे शेकडो बारीक मणी मदरबोर्डला वितळवून जोडलेले असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरचे चिप-लेव्हल कारागीर गरम हवेने अशी चिप उचलतात, मणी नव्याने बसवतात. याला ते रीबॉलिंग म्हणतात. पण ही दुरुस्ती झाली. तिथेच वरच्या दर्जाची चिप चालवायची, तर वीजपुरवठ्यापासून बायोसपर्यंत काहीच तिच्या मापाचं नसतं.

सुटं कार्ड ठेवलं तर लॅपटॉप जाड होईल, उष्णता आवरणार नाही, आणि कार्ड बदलणारे ग्राहक असतात तरी किती, असं कंपन्यांचं म्हणणं. इतिहास वेगळं सांगतो. एनव्हिडियाने 2004 मध्येच एमएक्सएम नावाची सुट्या कार्डाची पद्धत आणली होती. अनेक लॅपटॉपांत ती होती. अ‍ॅपलच्या 2011 च्या आयमॅकमध्येही होती. ती फसली, कारण कनेक्टर समान ठेवून बाकी सारं ज्याच्या त्याच्यावर सोडलं गेलं. हीटसिंक ज्याचा त्याचा, बायोसही ज्याचा त्याचा. कार्ड खाचेत बसे, पण नळ्या त्याला टेकत नसत, किंवा बायोस ते ओळखत नसे. अर्धवट प्रमाणीकरणाचं हे अपयश तंत्राच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

पूर्वपक्षाचा दुसरा दाखला डेलच्या एलियनवेअर एरिया-51एमचा. 2019 मध्ये हा लॅपटॉप अपग्रेड करता येण्याच्या गुणावरच विकला गेला. कार्डाचा आकार डेलचा स्वतःचा. पुढच्याच वर्षी आर2 हे मॉडेल आलं, आणि त्यातली नवी कार्डं जुन्या यंत्रात बसेनात. 2021 मध्ये प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेलं. आकार एकाच कंपनीच्या मुठीत असला की आश्वासन किती काळ टिकतं, हेच यातून दिसलं.

आता मंडन. फ्रेमवर्क या छोट्या अमेरिकी कंपनीचा 16 इंची लॅपटॉप 2024 च्या सुरुवातीला ग्राहकांच्या हाती पडला. त्याच्या मागच्या बाजूला ग्राफिक्सचं अख्खं मोड्यूल सरकवून काढता येतं. मोड्यूलबरोबर त्याचा हीटसिंक आणि पंखेही बाहेर येतात, म्हणजे एमएक्सएमची मुख्य अडचणच सुटते. सुरुवातीला त्यात रेडिऑन आरएक्स 7700एस होतं. ऑगस्ट 2025 मध्ये कंपनीने आरटीएक्स 5070 चं मोड्यूल जाहीर केलं, आणि ते पहिल्या ग्राहकांच्या जुन्या यंत्रातही बसतं. जोडणीचे आराखडेही कंपनीने खुले ठेवले आहेत. यंत्र थोडं जाड आहे, महागही आहे. पण ‘अशक्य’ हा शब्द यापुढे वापरता येणार नाही.

सोल्डरपेक्षाही चीड आणणारी गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअरचं कुलूप. प्रोसेसरचा व्होल्टेज किंचित उतरवला की उष्णता कमी होते आणि त्याच नळ्यांवर विसंबलेल्या ग्राफिक्स चिपला मोकळा श्वास मिळतो. हा फुकटचा अपग्रेड अनेकजण करत. डिसेंबर 2019 मध्ये प्लंडरव्होल्ट हा दोष उघड झाला: व्होल्टेजशी खेळून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातली माहिती काढता येत होती. त्यानंतर बायोसच्या अपडेटमधून अनेक लॅपटॉपांवर ही सोय बंद झाली. धोका खरा होता. पण एसजीएक्स न वापरणाऱ्या मालकाला किल्ली द्यायला काय हरकत होती?

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मान्यच करायला हवा. मेमरी आणि ग्राफिक्स एकत्र गुंफलेल्या नव्या चिपांना रॅम अगदी खेटून लागते. खुद्द फ्रेमवर्कलाही 2025 च्या डेस्कटॉपमध्ये रायझन एआय मॅक्स वापरताना रॅम सोल्डर करावी लागली. तिथे कारण अभियांत्रिकीचं आहे. प्रत्येक सोल्डरमागे तेच असतं, असं मात्र नाही.

म्हणून लॅपटॉप घेताना ग्राहकाने दुकानात अडून विचारावं. ग्राफिक्सला वॅट किती मिळतात, हे विचारावं. आरटीएक्स 4060 या एकाच नावाखाली 35 पासून 115 वॅटपर्यंतची यंत्रं विकली गेली आहेत. रॅमचा दुसरा स्लॉट आहे का, हेही पाहावं. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, त्यामुळे जोडीची दुसरी रॅम बसताच त्याचा वेग वाढतो. थंडरबोल्ट किंवा यूएसबी4 असेल, तर पुढे बाहेरचं कार्ड जोडण्याची वाट उघडी राहते. थोडा वेग जातो, पण लॅपटॉप भंगारात जात नाही. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही, तर कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल स्वतः उघडून बघावं आणि मगच पैसे मोजावेत.