पोकळ नळीचे पैसे

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. लग्नाचे फोटो काढून पोट भरतो. 2019 च्या महापुरात आमच्या शिरोळ तालुक्यातल्या अनेक घरांसारखं त्याच्याही घरात पाणी शिरलं, पहिला कॅमेरा गेला. आताचा कॅननचा कॅमेरा सेकंडहँड आहे, 50 मिमीची लेन्स तेवढी नवी. नवरीच्या बोटातली अंगठी, मेहंदीची बारीक नक्षी असे अगदी जवळून घेतलेले फोटो लोक हल्ली मागतात. मॅक्रो लेन्स परवडत नाही, म्हणून त्याला एक्स्टेन्शन ट्यूब घ्यायची होती. मोबाइलवर दोन ट्यूब दाखवून त्यानं विचारलं, "सर, कौनसा लेना?" एक काही शे रुपयांची, दुसरी कंपनीची, कितीतरी पट महाग. वडिलांनी बजावलं होतं, नावाचीच घे.

माझं मत वडिलांच्या विरुद्ध आहे, पण स्वस्ताच्या बाजूचंही नाही.

ट्यूब म्हणजे पोकळ कडं. आत काच नसते. लेन्स सेन्सरपासून थोडी पुढे सरकते आणि त्यामुळे जवळच्या वस्तूवर फोकस बसतो, एवढंच तिचं काम. 50 मिमीच्या लेन्सला 25 मिमीची ट्यूब लावली की चित्राचं प्रमाण निम्म्यानं, म्हणजे 0.5 नं वाढतं. 200 मिमीच्या लेन्सला तीच लावली तर जेमतेम 0.125. हा भागाकार ट्यूबवर नाव कुणाचं आहे हे बघत नाही. मग "कंपनीच्या ट्यूबनं फोटो स्वच्छ येतो" म्हणणाऱ्याला मी विचारतो, हवा कोणत्या कंपनीची चांगली?

पैसे द्यायचे ते नळीच्या दोन टोकांचे. तिथे धातूचं माउंट आहे का, आणि कॅमेऱ्याशी बोलणारे विजेचे संपर्क आहेत का? कॅननच्या ईएफ लेन्सचं अॅपर्चर कॅमेऱ्याच्या हुकमावर चालतं. साध्या ट्यूबमध्ये संपर्कच नसतात. मग ते सताड उघडं राहतं आणि एफ/1.8 ला मिलिमीटरभरही खोली स्पष्ट येत नाही. अंगठीचा खडा दिसेल, कडं धूसर. अॅपर्चर आधी बंद करून लेन्स काढायची एक युक्ती आहे. पण मांडवात, नवरी ताटकळत असताना, ती कोण करणार?

स्वस्ताची शिक्षा मी भोगली आहे. एका घरातल्या जुन्या कागदावरचा फारसी शिक्का मला वाचायचा होता. प्लास्टिकची ट्यूब आणली. लेन्सच्या वजनानं ती वाकायची, फोकस एका बाजूला सरकायचा. उर्दू शिकवणाऱ्याला सांगायला नको, खुदा आणि जुदा यांत फरक एका नुक्त्याच्या जागेचा. माझ्या फोटोत नेमके नुक्तेच गायब. तिसऱ्या दिवशी लेन्स निसटली. खाली सतरंजी होती म्हणून वाचली.

उलट, नाव मोठं असलं की सगळं मिळतं असंही नाही. निकॉनच्या स्वतःच्या जुन्या पीके मालिकेच्या रिंगांमध्ये ऑटोफोकसचे संपर्क नाहीत. केन्कोसारख्या कंपनीच्या 12, 20 आणि 36 मिमीच्या संचात ते आहेत. आणि ज्याच्याकडे अॅपर्चरची कडी असलेली जुनी हातफोकस लेन्स आहे, त्यानं धातूची साधी ट्यूब खुशाल घ्यावी. त्याला संपर्कांचा उपयोगच नाही.

प्रकाशाचं मात्र कुणालाच टळत नाही. वस्तू सेन्सरवर तिच्याच आकाराची उमटवायची तर सुमारे दोन स्टॉप प्रकाश जातो. ट्यूबवर वाचलेले पैसे म्हणूनच मी त्याला एका छोट्या एलईडी दिव्यावर घालायला सांगितले.

त्यानं धातूच्या माउंटचा, संपर्क असलेला संच घेतला. वडिलांना कंपनीचं नाव वाचता येईना, तेव्हा म्हणाले, "सरांनी सांगितलंय ना, मग असू दे." परवा जयसिंगपूरच्या लग्नातला अंगठीचा फोटो त्यानं मला पाठवला. खड्याची कड नीट आली आहे. नवरीच्या नखाला लागलेली हळदसुद्धा.