मोड मोजून घे, बेटा

गेल्या वर्षी दुसरीतला एक मुलगा सुजलेल्या डोळ्यांनी वर्गात आला. मधल्या सुट्टीत हळूच म्हणाला, "टीचर, मैंने नहीं लिए."

आदल्या संध्याकाळी आईने त्याला १०० रुपयांची नोट देऊन दूध आणि पाव आणायला पाठवलं होतं. बिल झालं ६४ रुपये. घरी आले २६. "दहा रुपये कुठे गेले? खाऊ खाल्लास ना?" एक चापट बसली आणि रात्रभर कोणी त्याच्याशी धड बोललं नाही.

मी त्याला पाटीवर १०० वजा ६४ करायला सांगितलं. त्याने हातचा घेऊन बरोबर ३६ लिहिलं. मग विचारलं, "दुकानात पैसे मोजले होतेस?" त्याने मान हलवली. नाही. काकांनी जे दिलं ते मुठीत धरून तो पळत घरी आला होता.

दुकानदाराची चूक झाली, की नोट वाटेत पडली, हे आता कळणं शक्य नाही. पण एक गोष्ट मला कळली. या मुलाला वजाबाकी येते, पैसे मोजता येत नाहीत. दोन्ही वेगळं आहे. आपल्या घरांत आता बरेचसे पैसे मोबाइलवरून जातात. मुलं पैसे देताना बघतात ती फक्त एक 'टुंग' ऐकून. मग मोड मोजायला ती शिकणार कुठे?

पालकहो, सुरुवात घरात करा. चटईवर खरी नाणी आणि नोटा मांडा. लहान मुलाला वाटतं, पाच नाणी म्हणजे एका नाण्यापेक्षा जास्त पैसे. म्हणून एका बाजूला ५ चं एक नाणं आणि दुसऱ्या बाजूला १ ची पाच नाणी ठेवून अदलाबदल करायला लावा. नंतर विचारा, "१० ची बंदी नोट आहे, हिचा खुर्दा किती प्रकारे होईल?" फक्त १, २ आणि ५ ची नाणी वापरली तर बरोबर १० प्रकार होतात. मुलांना शोधू द्या, आपण सांगू नका.

नोटा हाताळताना त्या वाचूही द्या. २० च्या नव्या नोटेवर आपल्या वेरूळची लेणी आहेत. नोटेच्या मागे १५ भाषांत किंमत लिहिलेली असते. त्यात मराठी आहे आणि उर्दूही आहे. "दोन्ही ओळी शोध" म्हटलं की मुलं नोट खाली ठेवत नाहीत.

आता मोड. इथे वजाबाकी करायला लावू नका. जुने किराणा दुकानदार करतात तसं पुढे मोजायला शिकवा. बिल ६४. एक रुपया ठेवा: ६५. पाच ठेवा: ७०. दहा-दहाच्या नोटा ठेवा: ८०, ९०, १००. थांबा. जे ठेवलं तीच मोड, ३६ रुपये. त्या मुलाने असं मोजलं असतं तर गाडी ९० वरच थांबली असती आणि तो तिथेच म्हणाला असता, "काका, अजून दहा."

आपल्या मुलांची आणखी एक अडचण मी रोज बघते. घरात ऐकतात 'सैंतीस' आणि 'सैंतालीस', दुकानात ऐकतात 'सदतीस' आणि 'सत्तेचाळीस'. ३९ तर मराठीत 'एकोणचाळीस', म्हणजे नाव चाळीसचं आणि आकडा तिसातला. मूल गोंधळलं तर रागावू नका. "तीस आणि सात" असं फोडून सांगा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ही पद्धत आली तेव्हा बरीच टीका झाली होती. माझा अनुभव मात्र असा की आधी फोड समजली की नाव लवकर पाठ होतं.

शेवटी खरं दुकान. पहिल्यांदा बरोबर जा, पण दोन पावलं मागे उभ्या राहा. एकच वस्तू, एकच नोट. नियम दोनच: दुकानाच्या पायरीवरून उतरण्याआधी मोजायचं, आणि मोड कमी आली तशीच जास्त आली तरी सांगायचं. दुसऱ्याचा चुकून आलेला रुपया आपला नसतो, हे मुलाला हातात रुपया असतानाच समजतं.

त्या मुलाच्या आईला मी शाळेत बोलावलं. टेबलावर नाणी मांडली आणि तिच्यासमोर त्याला ६४ पासून मोजायला लावलं. तिसऱ्या खेपेला तो न अडखळता १०० पर्यंत पोहोचला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाई, मी याला कधी शिकवलंच नव्हतं, आणि मारलं मात्र." निघताना तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्यासमोरच म्हणाली, "गलती मेरी थी, बेटा."

या महिन्याचा गृहपाठ: आठवड्यातून एकदा मोबाइल घरी ठेवा. मुलाच्या हातात ५० ची नोट द्या आणि कोथिंबीर आणायला पाठवा. परत आल्यावर "पैसे दाखव" म्हणू नका. "मोजून दाखव" म्हणा.