वाघूरकाठी आलेला कुंचला

इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरील न्यूलिन गावी स्टॅनहोप फोर्ब्स या चित्रकाराने १८८५ साली मासळीविक्रीचे एक चित्र पूर्ण केले. ओल्या वाळूवर मांडलेली मासळी, विक्रीसाठी जमलेले कोळी आणि त्यांच्या बायका, एवढाच त्याचा विषय. हे चित्र त्याने उघड्या किनाऱ्यावर रंगविले.

त्याच वर्षी अजिंठ्यात मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे एक मोठे कार्य संपत होते. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांनी १८७२ पासून तेथील भित्तिचित्रांच्या प्रती तयार केल्या. त्या श्रमांचे मोल वादातीत आहे. परंतु लेण्यांखालून वाहणारी वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. त्या तापीकाठच्या भोई-कोळ्यांचे जाळे आणि त्यांचा बाजार चितारणे हे काम त्या विद्यार्थ्यांकडे सोपविलेले नव्हते.

सरकारी आकडे मासळीचे टन सांगतात. जाळे ओढणारा खांदा आणि दलालापुढे झुकलेली मान त्यांत दिसत नाही. ती चित्रातच दिसते. तेव्हा खानदेशातील चित्रकला शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अजिंठ्याच्या सहलीस अवश्य न्यावे. मात्र एक दिवस वही-पेन्सिल देऊन तापीकाठीही बसवावे. धरणांनी नदीचे रूप पालटले आहे. तिच्यावर पोट भरणारे हात उद्याही तेथे असतील, याची हमी कोण देणार?