पेपर छापला, तपासला कोणी?

झेंडावंदन आणि जिलेबीच्या दिवशी एका संकेतस्थळाचा विसावा वाढदिवस कोणाच्या ध्यानात राहील, अशी अपेक्षा नाही. १५ ऑगस्ट २००६ रोजी विकिपीडियाचे धाकटे भावंड ‘विकिव्हर्सिटी’ इंग्रजीत सुरू झाले. नाव विद्यापीठाचे, पण प्रवेशपरीक्षा नाही, फी नाही आणि पदवीही नाही. थोरल्याला नसलेली एक मुभा मात्र या धाकट्याला मिळाली. विकिपीडियावर स्वतःचे संशोधन मांडायला मनाई आहे. आधी विश्वासार्ह ठिकाणी छापून आलेलेच तिथे चालते. विकिव्हर्सिटीवर कोणीही नवे संशोधन मांडू शकतो. कोणीही म्हणजे खरोखरच कोणीही. त्यामुळे तिथे चांगल्या अभ्यासाच्या शेजारी विश्वाचे कोडे एकट्याने सोडवल्याचा दावा करणारे हौशी सिद्धान्तही नांदतात. मग तपासलेले कोणते आणि नुसतेच मांडलेले कोणते, हे वाचकाने ओळखायचे कसे?

यावर एक उत्तर २०१४ मध्ये मिळाले. मिकाएल हेग्स्ट्रॉम या स्वीडिश डॉक्टरने विकिव्हर्सिटीवरच वैद्यकाचे नियतकालिक काढले. आज ते ‘विकिजर्नल ऑफ मेडिसिन’ म्हणून ओळखले जाते. पहिल्या अंकातला पहिला लेख त्याचाच. मासिक पाळीच्या चक्रात चार संप्रेरकांची पातळी रोज कुठून कुठवर असू शकते, हे त्याने निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे जुळवून मांडले होते. आकडे इतरांचे, जुळणी स्वतःची. विकिपीडियाच्या नियमात नेमके हेच अडते. संपादकानेच आपल्या नियतकालिकाचा नारळ आपल्याच लेखाने फोडावा, हे आम्हाला खटकते. पण त्याने घालून दिलेली रीत टिकली, वाढली, आणि पुढे विज्ञान व मानव्यविद्या यांचीही अशीच नियतकालिके निघाली.

रीत अशी. लेखक मसुदा सर्वांना दिसेल असा ठेवतो. संपादक त्या विषयातले निदान दोन बाहेरचे जाणकार गाठतो. त्यांचे आक्षेप, त्यावर लेखकाची उत्तरे आणि दुरुस्त्या हे सगळे लेखालगतच्या चर्चापानावर राहते. समीक्षकाला नाव झाकता येते, शेरा झाकता येत नाही. लेख मंजूर झाला की त्याची एक प्रत कायमची गोठवली जाते आणि तिला डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक मिळतो. म्हणजे पुढे पानावर कोणी काही बदलले तरी तपासलेली प्रत अबाधित. उपयुक्त भाग विकिपीडियात जातो. लेखकाला पैसा पडत नाही, वाचकालाही नाही.

उघडेपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्याच २००६ मधली एक घटना विसरू नये. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने चार महिने एक प्रयोग केला. समीक्षेसाठी निघालेले निबंध लेखकांच्या संमतीने सर्वांसमोर ठेवायचे, ज्याला बोलायचे त्याने नावानिशी बोलावे. १,३६९ निबंधांपैकी फक्त ७१ चे लेखक तयार झाले. त्या ७१ पैकी ३३ निबंधांवर एका माणसानेही एक ओळ लिहिली नाही. ‘नेचर’ने प्रयोग गुंडाळला. दार उघडे टाकले म्हणून कोणी आत येत नाही, आणि दुसऱ्याचा निबंध बारकाईने वाचणे हे कष्टाचे, वेळखाऊ काम आहे. विकिजर्नलने दार उघडे ठेवले, पण समीक्षक मात्र घरोघर जाऊन बोलावले. त्याचे यश, जेवढे आहे तेवढे, या बोलावण्यात आहे.

आपल्याकडे पाहू. प्राध्यापकाच्या बढतीला पेपर लागतात, पेपरला आयएसएसएन असलेले नियतकालिक लागते, आणि आयएसएसएन हा निव्वळ ओळखक्रमांक आहे, दर्जाची मोहोर नव्हे, हे सर्वांना ठाऊक असून कोणी बोलत नाही. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या, समीक्षा झाली असे समजा! सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य नियतकालिकांच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या आणि या अभ्यासकांनी तपासलेल्या हजारावर नियतकालिकांपैकी ८८ टक्के सुमार होती. मग तिच्या जागी यूजीसीचीच ‘केअर’ यादी आली, तिचे कामकाजही पुण्यातूनच चाले. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. याद्या येतात आणि जातात, कारण यादी नियतकालिकाचे नाव तपासते; त्यातला एखादा लेख कोणी वाचला का, हे तिला कळत नाही. दुसरीकडे, संशोधनपत्रिका वाचायला मिळाव्यात म्हणून आखलेल्या तीन वर्षांच्या ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजनेसाठी केंद्राने ६,००० कोटी रुपये ठेवले. परदेशी प्रकाशकांची कुलपे त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांसाठी उघडली, हे चांगलेच झाले. मात्र आपण जे लिहितो ते कसे तपासले जाते, यावर तेवढी चर्चाही होत नाही.

खरे तर चारचौघांत तपासून घेण्याची ही सवय इथली आहे. इतिहाससंशोधक राजवाडे आणि त्यांचे सहकारी मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, तेव्हा निबंध सभेत वाचला जाई, त्यावर तिथेच बोलणे होई आणि मग तो इतिवृत्तात छापला जाई. राजवाड्यांनी तर निष्कर्षांआधी मूळ कागदच खंडामागून खंड छापले, म्हणजे त्यांच्याशी भांडायचे तर साधने समोर. लोक भांडलेही, आणि त्यातून इतिहासलेखन सुधारले. आज मराठी विकिपीडियाला वीस वर्षे उलटून गेली आहेत. हिंदीची स्वतंत्र विकिव्हर्सिटी आहे, मराठीची नाही. ती यावी, पण तिच्यासाठी थांबायचे कारण नाही.

मराठीतून निघणाऱ्या संशोधनपत्रिकांच्या संपादकांना आमची एवढीच विनंती आहे: पुढच्या अंकात निदान एका लेखाखाली, लेखक व समीक्षक दोघांच्या संमतीने, समीक्षकाचा शेरा आणि लेखकाचे उत्तर छापा. समीक्षकाचे नाव नको असेल तर नको. आणि विद्यापीठांनी असा छापलेला शेरा बढतीच्या हिशेबात पेपरइतकाच मोजावा.