खरेदीखत तोतयाचे, हेलपाटे मालकाचे

पारनेर, अकोले, संगमनेर या तालुक्यांतली असंख्य कुटुंबे कामधंद्यासाठी मुंबई-पुण्याला गेली. गावच्या सातबाऱ्यावर नाव त्यांचे, जमीन कसायला भाऊबंद. मूळ मालक गावी येतो तो यात्रेला. जमीनचोराला हवी असते ती नेमकी अशीच जमीन.

मालकाच्या नावाचे बनावट आधार कार्ड, त्याच्या जागी तोतया, ओळख पटवायला दोन साक्षीदार. दुय्यम निबंधकासमोर फोटो निघतो, अंगठा उठतो, दस्त नोंदला जातो. मग फेरफार. महसूल संहितेच्या कलम 150 नुसार हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात. मालक राहतो मुंबईत आणि नोटीस पोहोचते गावच्या कुलूप लावलेल्या घरी!

शिक्षा कमी आहे असे नाही. खरेदीखतासारखा दस्त बनावट केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 338 खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. निबंधकासमोर तोतयेगिरी केल्यास नोंदणी कायद्याच्या कलम 82 प्रमाणे सात वर्षांपर्यंत.

पण भामट्याने तोतया उभा न करता स्वतःच मालक असल्याचे सांगून दुसऱ्याची जमीन विकली तर? मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितले, की असे खरेदीखत तेवढ्यावरून बनावट दस्त ठरत नाही. फसवणुकीची तक्रार खरेदीदार करू शकतो, मूळ मालक नव्हे. म्हणजे ज्याची जमीन गेली, त्यालाच पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असे ऐकावे लागते. संसदेने हा स्वतंत्र गुन्हा ठरवायला हवा होता. 2024 मध्ये नवी न्याय संहिता लागू झाली, ती संधीही हुकली.

पुण्यात मुंढव्याच्या सरकारी जमिनीचे 300 कोटींचे खरेदीखत नोव्हेंबर 2025 मध्ये गाजले, तेव्हा नोंदणी विभागाच्या अधिकाऱ्यानेच फिर्याद दिली, दुय्यम निबंधक निलंबित झाला. ही तत्परता पारनेरच्या शेतकऱ्याच्या वाट्याला का येऊ नये? नोंदणी कायद्याचे कलम 83 निबंधकाला फिर्यादीचा अधिकार देतेच. तोतया उघड झाला की हा अधिकार निबंधकाने स्वतःहून वापरलाच पाहिजे, आणि फेरफाराची सूचना मालकाच्या मोबाइलवर गेली पाहिजे.

तोवर गावाबाहेर राहणाऱ्या प्रत्येक जमीनधारकाने आपला सातबारा दर आठवड्याला ऑनलाइन पाहावा. अनोळखी फेरफार दिसताच, नोटिशीचे पंधरा दिवस संपण्याआधी, तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी आणि तिची पोच घ्यावी.